दिपमालाअक्काचा सेल्फ

दिपमालाअक्काचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. हे मी आधीच सांगते, कारण नवा माणूस भेटला की ती स्वतःही हेच आधी सांगते. "पाय वाकत नाही. बघून झालं? आता कामाचं बोला."

ती अमळनेरला राहते आणि शिलाई मशीन दुरुस्त करते. तिचे वडील मोतीलाल हेच काम करायचे. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान अक्कानं चालवायला घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्याला कुलूप लावलं. घरचे हबकले. ती म्हणाली, "खेड्यातली बाई लोखंडी मशीन डोक्यावर घेऊन एसटीनं येईल का? तिचं मशीन बंद पडलं की ती बंदच ठेवते. त्यापेक्षा मी जाते."

जायला तिनं एक जुनी, लहान मोटरसायकल घेतली. सगळ्यांनी स्कूटर घे म्हणून सांगितलं. पण स्कूटरवर पाय ठेवायचा तर गुडघा वाकवावा लागतो. मोटरसायकलवर तो पुढं सरळ सोडता येतो. तिनं वेल्डरकडून पुढच्या गार्डवर टाच टेकायला पट्टी बसवून घेतली. ब्रेकचा पायडल लांब करून घेतला. गाडीवर ती उजवीकडून चढते. उजवा पाय खुंटीसारखा रोवते आणि डावा पलीकडं टाकते. लोक थांबून बघतात. तीही थांबते आणि त्यांच्याकडं बघते. मग लोक चालायला लागतात.

मी तिच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. मूळची जामनेरकडची. मराठीत एम.ए. करून इथं एका क्लासमध्ये शिकवते. पहिल्या दिवशी मी तिला ताई म्हटलं. ती म्हणाली, "इथं सगळे अक्का म्हणतात. तूही म्हण. ताई म्हटलं की मला वाटतं काही मागायला आलीस."

तिच्या लग्नाची गोष्ट मला तिच्या आईनं, झुंबरबाईंनी सांगितली. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं आणि रडूही. धुळ्याकडून एक स्थळ आलं होतं. चहापोहे झाले. मुलाच्या मामानं सांगितलं, पोरीला जरा चालून दाखवू द्या. अक्का उठली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. परत येऊन बसली. मग मुलाला म्हणाली, "आता तुम्ही." मुलगा गोंधळून खरंच उठला आणि चालला. अक्का म्हणाली, "चाल बरी आहे. पण पसंत नाही."

ती अशीच आहे. म्हणून त्या हिवाळ्यात जे झालं ते तिला इतकं लागलं.

पायामुळं अक्काला किक मारता येत नाही. तिनं सगळे प्रयत्न करून पाहिले. गाडी स्टँडवर लावून, बाजूला उभं राहून डाव्या पायानं मारायला गेली आणि पडली. हातानं मारायला गेली तर किक उलटली आणि मनगट सुजलं. तेव्हापासून तिची सगळी भिस्त हँडलवरच्या लाल बटणावर. बटण दाबायचं, सेल्फ फिरणार, गाडी चालू.

डिसेंबरात एका सकाळी तिनं बटण दाबलं आणि नुसताच घुर्रर्र आवाज आला. आत काहीतरी जोरात फिरत होतं, पण इंजिन जागचं हललं नाही. तिनं पुन्हा दाबलं. तोच आवाज. चौथ्या-पाचव्या वेळी कड् असा आवाज झाला, आतलं कशाला तरी अडकलं, आणि गाडी चालू झाली.

पुढं हे रोजचं झालं. मग ते चौथ्या-पाचव्या वेळेलाही होईना. मी खाली उतरून किक मारून द्यायला लागले. मला ते जमत होतं, त्यात काही विशेष नव्हतं. पण मी किक मारत असताना अक्का दुसरीकडं बघायची. गाडी चालू झाली की "हं" म्हणायची. आभार मानायची नाही. मला ते आवडायचं.

बाहेरगावी प्रश्न यायचा. गावात कुणीतरी पोरगा किक मारून द्यायचा, पण फुकट नाही. "अक्का, मागं ढकलू का पुढं?" असं विचारायचा, आणि पारावर हशा पिकायचा. मग अक्कानं गाडी बंद करणंच सोडलं. मशीन दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर धडधडत राहायची. नाहीतर ती उतार शोधायची. कालव्याचा भराव, पुलाचा उतार, बैलगाडी चढवायचा धक्का. तिथं गाडी लावायची, आणि जाताना नुसती सोडून गिअर टाकायची. आमचा मुलूख सपाट आहे. अक्काला मात्र दर गावातला उतार पाठ झाला.

एका संध्याकाळी चोपड्याहून परत येताना तापीच्या अलीकडं गाडी बंद पडली. पेट्रोलच्या नळीत कचरा होता. तो तिनं काढला. पण गाडी चालू कशी करणार? रस्ता सपाट. शेवटी केळीचा ट्रक आला. भरणारी माणसं उतरली, त्यांनी किक मारून दिली. चांगली माणसं होती. त्यांतल्या एकाची आणि नवलभाऊची ओळख निघाली.

नवलभाऊ अक्काचा मोठा भाऊ. जवळच्या गावी शेती बघतो. दुसऱ्याच दिवशी तो आला. मी जिन्यात होते. खाली अहिराणीत बोलणं सुरू झालं होतं.

"बठ्ठा गावले माहीत व्हयनं," नवलभाऊ म्हणाला. "ट्रकवाला माले सांगस, तुनी बहीन रस्तावर उभी व्हती."

"उभी व्हतू. मंग? बसाले खाट व्हती का तठे?"

"हासानी गोट नही शे. काही व्हयी जातं ते?"

"काही व्हयनं का?"

"दुकान शे ना आबानं. उघड. बस तठे. गाडी भूषणले देऊ. त्याले कॉलेजले लागस."

भूषण म्हणजे नवलभाऊचा मुलगा. धुळ्याला शिकतो.

अक्कानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, खरं सांग. तुले मनी काळजी शे का लाज?"

नवलभाऊ टोपी काढून झटकायला लागला. मला वाटतं, दोन्ही होतं. तो वाईट माणूस नाही. दर दसऱ्याला तो घरातल्या सगळ्या गाड्या धुतो, झेंडूच्या माळा घालतो, ऑइल बदलतो. अक्काच्या गाडीचंही तोच करतो, तिला हात लावू देत नाही.

झुंबरबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, गाडी तिला तिची तिची चालू करता आली तर राहू दे, नाहीतर घेऊन जा. नवलभाऊ म्हणाला, "बरं. मी रविवारी येस. सकायले. कोनी किक मारानी नही."

"ये," अक्का म्हणाली.

त्याच दुपारी आम्ही भाईदासकडं गेलो. रेल्वे फाटकाजवळ त्याचं गॅरेज आहे. भाईदास बोलका आहे, हाताचा चांगला आहे, आणि कुणाचं ऐकत नाही. अक्काही कुणाचं ऐकत नाही. त्यामुळं त्यांचं भांडण हीच त्यांची बोलायची रीत.

आधीच्या आठवड्यात अक्कानं स्वतःच ठरवलं होतं की बॅटरी गेली. नवी बॅटरी आणून बसवली होती. फरक पडला नव्हता. भाईदासनं ते लक्षात ठेवलं होतं.

"या डॉक्टरीणबाई. आज काय बदलायचं? टाकी?"

"तुला काय वाटतं ते सांग."

"मोटर. सेल्फची मोटर गेली. नवी टाकू."

"मोटर फिरते आहे. ऐकू येत नाही का?"

"फिरते, पण ताकद नाही तिच्यात."

अक्कानं बटण दाबलं. घुर्रर्र. तिनं डोळे मिटले. पुन्हा दाबलं. हेडलाइट मंद झाला नाही, हॉर्न मोठ्यानं वाजला. बॅटरी ठीक होती. मोटर तर सुटल्यासारखी पळत होती.

"ओझं नाही तिच्यावर," अक्का म्हणाली. "ताकद नसती तर कण्हली असती. ही नुसतीच पळते आहे." मग तिनं डोळे उघडले. "भाईदास, बॉबिन भरताना काय करतात?"

"मला काय माहीत? मी काय ब्लाउज शिवतो?"

"चाकाच्या मधला स्क्रू ढिला करतात. मग चाक फिरतं, पण सुई हलत नाही. चाक आणि सुईमधली पकड सोडलेली असते. हे तेच आहे. मोटर फिरते आहे, इंजिन हलत नाही. दोघांच्या मधली पकड सुटली आहे. मध्ये काय असतं?"

भाईदास डोकं खाजवायला लागला. "वनवे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "असू शकतं. मी तेच म्हणणार होतो."

"तू मोटर म्हणणार होतास."

"आधी मोटर, मग वनवे."

वनवे काय असतो ते भाईदासनं मला समजावून सांगितलं. मोटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक पोलादी कडी असते. तिच्यात खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक रोलर, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा. त्यामागं बारीक स्प्रिंग. मोटर फिरली की स्प्रिंग रोलरला अरुंद बाजूला ढकलते. रोलर तिथं पाचरीसारखा बसतो आणि इंजिनाला धरून फिरवतो. इंजिन चालू झालं की रोलर मोकळा होतो. एका बाजूनं धरायचं, दुसऱ्या बाजूनं सोडायचं. रोलर झिजले किंवा स्प्रिंगा दबल्या की ते धरतच नाही, घसरतं.

"माणसांत पण असे असतात," भाईदास म्हणाला.

"तू उघड," अक्का म्हणाली.

ऑइल काढलं. डाव्या बाजूचं झाकण उघडलं. आत मॅग्नेट होता, ताटलीएवढं चुंबकाचं चाक. तो हातानं निघत नाही. त्याला पुलर, म्हणजे ओढून काढायचा स्क्रू, लावावा लागतो. भाईदासनं पुलर पिळला, वरून हातोडीची एक टिचकी दिली, आणि मॅग्नेट ठप्पकन सुटला. त्याच्या पाठीशी वनवे होता. अक्कानं तो हातात घेतला. एक स्प्रिंग मोडून तिचे दोन तुकडे झाले होते. बाकीच्या आखडल्या होत्या. रोलर उजेडात फिरवून बघितले तर प्रत्येकावर एका बाजूला सपाट पट्टा पडलेला.

"बघ," ती मला म्हणाली. "घसरून घसरून हे असे झालेत."

तिचा चेहरा उजळला होता. कुणी चांगली बातमी दिल्यासारखा.

अमळनेरला त्या गाडीचा वनवे मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मी क्लास बुडवला आणि आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. पार्टच्या दुकानातल्या माणसानं माझ्याकडं बघून विचारलं, "कोणत्या गाडीसाठी?" मग अक्काच्या पायाकडं बघून म्हणाला, "गाडी कोण चालवतं?" अक्का म्हणाली, "ती बघते, मी चालवते. तुम्ही फक्त द्या." त्यानं दिला. तिनं डबी उघडून प्रत्येक रोलर बोटावर फिरवला, प्रत्येक स्प्रिंग नखानं दाबून पाहिली. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ते खोळंबू दिलं.

परत आल्यावर भाईदासनं वनवे बसवला. ऑइल नवं टाकायचं होतं. अक्कानं घरून कॅन आणला, नवलभाऊ दसऱ्याला ऑइल बदलून ठेवून गेलेला. घरात ऑइलचा तो एकच कॅन असायचा. झाकण लावलं. अक्कानं बटण दाबलं. कड्, आणि गाडी चालू. पुन्हा दाबलं. पुन्हा चालू. गॅरेजमधले सगळे टाळ्या वाजवायला लागले. अक्कानं भाईदासला पेढा खायला घातला आणि म्हणाली, "मोटर गेली म्हणे."

रविवारी सकाळी नवलभाऊ आला. फार थंडी होती. गल्लीत धुकं उतरलं होतं. झुंबरबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. अक्का नेहमीसारखी उजवीकडून चढली. शाल सावरली. बटण दाबलं.

घुर्रर्र.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा दाबलं. तोच रिकामा आवाज. मोटर पळत होती आणि इंजिन गप्प होतं. तिनं दाबत राहायचं सोडलं नाही. समोरच्या घरातली माणसं दारात आली. शेवटी नवलभाऊनं पुढं होऊन तिचा हात बटणावरून काढला. हळूच काढला. चावी फिरवून काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू बठ्ठं करी देखं. जाऊ दे आते."

अक्का खाली उतरली. मला वाटलं, ती घरात जाईल. ती नवलभाऊपाशी गेली, त्याच्या खिशात हात घातला, आणि चावी काढून घेतली. नवलभाऊ बघतच राहिला. मीही.

"आज तू हरना नही, मी हरनू नही," ती म्हणाली. "मशीन हरनं. तुना रविवार गया. माले दुसरा रविवार दे."

"आनि तवय बी व्हयनं नही ते?"

"ते चाबी मी तुना हातमा दिसू. खिसामा हात घालाना काम नही पडाव."

नवलभाऊ चहा न घेता गेला.

दुपारी ऊन आलं. अक्कानं अंगणात उभ्या गाडीचं बटण सहज दाबलं. कड्, चालू. ती तिथंच बसली. बराच वेळ बसली. मी जेवायला हाक मारली तर म्हणाली, "सकाळी नाही, दुपारी हो. का?"

मी म्हटलं, "थंडी?"

"थंडीत काय बदलतं? लोखंड तेच. स्प्रिंग तीच."

त्या वेळी आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

भाईदासचं म्हणणं, पार्ट नकली. धुळ्याला फसवलं. अक्का म्हणाली, "मी प्रत्येक रोलर बघून घेतला आहे. पुन्हा उघड. पण आत्ता नाही. गाडी रात्रभर इथं ठेव, सकाळी थंड असताना उघड. रोगी आजारी असताना बघायचा असतो."

"अक्का, सकाळी सातला मी अंघोळ करत असतो."

"मग पुलर ठेवून जा. मी उघडते."

सकाळी भाईदास होता. अंघोळ न करता आला होता, तोंडाला मफलर बांधून. ऑइलचा बोल्ट काढला. ऑइल आलं, पण धारेनं आलं नाही. काकवीसारखं लोंबत लोंबत आलं. भाईदासनं बोट लावलं आणि ओढलं. तार निघाली.

मॅग्नेट काढला. अक्कानं वनवे हातात घेतला. नवा होता, रोलर गुळगुळीत. तिनं एक रोलर बोटानं आत दाबला आणि सोडला. तो बाहेर आला नाही. तिथंच चिकटून राहिला. दुसरा दाबला. तोही. स्प्रिंग चांगली होती, पण त्या चिकट्यातून रोलरला ढकलायची ताकद तिच्यात नव्हती.

अक्कानं वनवे पेट्रोलच्या ताटलीत बुडवला, ब्रशनं घासला, पुसला. पुन्हा रोलर दाबला. तो टिकदिशी बाहेर आला.

भाईदासनं ऑइलचं बोट हुंगलं. "हे कसलं ऑइल आहे?"

"तूच टाकलंस."

"तुम्ही आणलं, म्हणून टाकलं. कॅन तुमचा."

अक्कानं तिथूनच मला नवलभाऊला फोन लावायला सांगितलं. मी स्पीकर चालू केला, कारण तिचे दोन्ही हात काळे होते.

"भाऊ, कॅनमा काय टाकं तू?"

"कोनता कॅन?"

"ऑइलना. दसराले जो वापरस."

"ऑइलच शे. ट्रॅक्टरनं." मग जरा थांबून तो म्हणाला, "आनि बाटली टाकी शे एक. ट्रॅक्टर धूर काढे म्हनीसन. ऑइल घट्ट करानी बाटली. धुयावरथीन लयनू. चांगली शे. काबर?"

जुना ट्रॅक्टर धूर टाकायचा, म्हणून नवलभाऊ धुळ्याहून बाटली आणून ऑइल घट्ट करायचा. दसऱ्याला पूजा झाली की त्याच कॅनमधून ट्रॅक्टरला, पंपाच्या इंजिनाला, आणि राहिलेलं बहिणीच्या गाडीला. दर वर्षी. प्रेमानं. आणि दर हिवाळ्यात ते रोलर घसरत गेले, झिजत गेले, आणि या वर्षी स्प्रिंग मोडली.

मला वाटलं, ती आता त्याला फाडून खाईल. ती म्हणाली, "काही नही. रविवारी ये." आणि मला फोन ठेवायला सांगितला.

मग ती माझ्याकडं वळली. रागावली होती, पण त्याच्यावर नाही.

"गावोगाव मी बायांना शिव्या घालते. मशीनला खोबरेल टाकतात, गोडंतेल टाकतात. थंडीत गोठतं आणि मशीन जाम. मी म्हणते, डोक्याला लावायचं ते मशीनला का लावलं? आणि माझ्या गाडीत काय पडतं ते मी एकदा वास घेऊन पाहिलं नाही. का? तर भाऊ करतो. भाऊ करतो म्हणून मी हात लावला नाही. माझी गाडी म्हणत होते ना मी? मग ऑइल त्याचं कसं?"

भाईदास म्हणाला, "होतं असं अक्का. घरचं आहे म्हणून कोण बघतं."

"आता बघीन," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं भाईदासला स्टुलावर बसवलं आणि काम स्वतः केलं. झाकणाच्या आतला चिकटा पेट्रोलनं खरवडला. पातळ ऑइल टाकून इंजिन फिरवलं, ते काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. शेवटी मोटरसायकलचं योग्य ऑइल, बंद डब्यातलं, स्वतः सील फोडून. भाईदास बाजूनं सूचना देत होता आणि ती त्यातल्या निम्म्या ऐकत होती. एकदा तिनं बोल्ट उलटा पिळला तेव्हा तो ओरडला. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "हे मला माहीत होतं." तो म्हणाला, "हो, बॅटरीसारखं."

त्या आठवड्यात रोज पहाटेच्या थंडीत ती अंगणात येऊन बटण दाबायची. गाडी चालू झाली की बंद करून झोपायला जायची. शेजारी वैतागले. झुंबरबाई म्हणाल्या, "व माय, कोंबडा पाळी लेतू ते बरं व्हतं."

मधेच कुंदाबाईचा फोन आला. ती तापीपलीकडच्या खेड्यात शिवणकाम करते. तिचं मशीन अडकलं होतं आणि घरात लग्नाचे ब्लाउज पडून होते. अक्कानं सांगितलं, "रविवारी येते. सकाळी निघते." तिनं हे का सांगितलं मला कळेना. गाडी त्या सकाळी तिची राहणार की नाही हेच ठरायचं होतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "ठरायचं काय आहे? नाही चालू झाली तर चावी देईन, शब्द दिला आहे. पण कुंदाबाईकडं तरी जाणारच. एसटीनं जाईन, चालत जाईन. भाऊला गाडी मिळेल. मी दुकानात बसलेली मिळणार नाही."

रविवारी नवलभाऊ आला तेव्हा आधीच्या रविवारपेक्षा जास्त थंडी होती. भूषणलाही घेऊन आला होता, गाडी न्यायला. समोरची माणसं या वेळी आधीच दारात होती. अक्कानं मागच्या सीटवर हत्यारांची पेटी आणि सुट्या भागांकरता शिलाई मशीनचं एक जुनं मुंडकं दोरीनं आवळून बांधलं होतं. ती चढली.

मी जिन्याचा कठडा धरून उभी होते.

तिनं बटण दाबलं. कड्. गाडी पहिल्याच वेळी चालू झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भूषणनं बापाकडं बघितलं. नवलभाऊ गाडीच्या पुढं उभा होता, एक हात हँडलवर ठेवून.

"एक दिन लागनी," तो म्हणाला. "उद्या पुन्हा बिघडनी ते?"

"ते पुन्हा उघाडसू."

"रस्तामा बिघडनी ते?"

"रस्तामा उघाडसू. पुलर लेयेल शे मी." तिनं पेटीवर थाप मारली. भाईदासचा पुलर ती मागून घेऊन आली होती. खरं तर न विचारता आणला होता.

नवलभाऊ खाली बघायला लागला. "ती बाटली," तो म्हणाला, "मी चांगलानाकरताच टाकी व्हती व."

"माले माहीत शे," अक्का म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तू चांगलानाकरताच करस. दुकानमा बसाडस ते बी चांगलानाकरताच. पन आते मना ऑइलले हात लाऊ नको. दसराले माळ घाल. नारळ फोड. ऑइल मी टाकसू."

"आनि संध्याकाय व्हयनी ते?"

"ते फोन करसू. तू यवाकरता नही. घर येस म्हनीसन सांगाकरता."

गाडी धडधडत होती. धुराचा पांढरा ढग मागं भिंतीवर चढत होता. नवलभाऊचा हात अजून हँडलवर होता. झुंबरबाई शेगडीपाशी उठून उभ्या राहिल्या.

अक्का म्हणाली, "सरक भाऊ. बाई वाट देखी राहिनी."

त्यानं हात काढला. बाजूला झाला, आणि भूषणलाही दंडाला धरून बाजूला केलं. अक्कानं गिअर टाकला. तिचा उजवा पाय पुढं सरळ, पट्टीवर टाच टेकलेली. गल्लीच्या तोंडाशी दुधवाला आडवा होता. तिनं इतका हॉर्न दिला की त्याची सायकल पडता पडता वाचली. मग ती चोपडा रस्त्याला वळली.

मी खाली आले. नवलभाऊ अजून तिथंच उभा होता. मला विचारलं, "तुम्ही नाही गेल्या मागं?"

मी म्हटलं, "मागं जागा नव्हती."